‘हिचा हात सेवेचा आहे’ : नर्सिंगला निघालेल्या एका मुलीचं प्रकरण

बारावी सायन्सचा निकाल लागला की दापोली, मंडणगड, गुहागर या पट्ट्यातून ज्या मुली माझ्याकडे करिअर काउन्सेलिंगला येतात त्यातल्या बऱ्याच जणींचं आधीच ठरलेलं असतं, नर्सिंग. घरच्यांचंही ठरलेलं असतं. नोकरी नक्की लागते, मुंबईत लागते, नशीब असेल तर बाहेरच्या देशात पण लागते, आणि मुलगी मुळातच मायाळू आहे मग अजून काय बघायचं. यातलं एकही कारण मी खोटं मानत नाही. पण ती मायाळू नेमकी कशामुळे झाली हे कोणी विचारत नाही, आणि ते न बघताच पाठवलं तर चार वर्षांचा कोर्स आणि नंतरची नोकरी दोन्ही पोरीच्या अंगावर येतात. म्हणून हे एक प्रकरण पूर्ण लिहितेय. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. घरात तिला सगळे बाय म्हणतात तसंच इथे म्हणू.

बाय हर्णैच्या जवळच्या एका वाडीतली. वडील मुंबईत एका कंपनीत ड्रायव्हर, आई दोन-तीन घरी पोळी-भाजी करते, खोली नालासोपाऱ्याला. बाय साडेतीन वर्षांची असताना आई मुंबईला गेली आणि बाय आजीकडे राहिली, कारण तेव्हा खोली भाड्याची होती, त्यात दीर पण राहायचा आणि मुलीला बघायला दिवसा कोणी नव्हतं. कोकणात हे घरोघरी आहे, यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. गणपतीला आणि शिमग्याला आई-बाबा यायचे, मे महिन्यात पंधरा दिवस, बस. बाय सहा वर्षांची असताना भाऊ झाला आणि तो मात्र मुंबईतच राहिला, कारण तोपर्यंत दीर वेगळा झाला होता आणि जागा झाली होती. हिला तेव्हा परत न्यायचं का यावर चर्चा झाली पण शाळा सुरू झालेली, आजी एकटी पडेल, असं करत ते राहूनच गेलं.

बाय आठवीत असताना आजीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. काकू शेजारच्या घरात होती, ती स्वयंपाकाचं बघायची, पण आजीचं बाकी सगळं बायकडे. सकाळी शाळेत जायच्या आधी अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, बीपीच्या गोळ्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला दवाखान्यातल्या सिस्टरने एकदाच सांगितलं होतं, आणि ती रात्री मोबाईलला अलार्म लावून उठायची. जवळजवळ तीन वर्षं आजी अंथरुणावर होती आणि तिला एकही बेडसोर झाला नाही. ज्यांनी घरी असा पेशंट सांभाळलाय त्यांना कळेल हे केवढं काम आहे, मोठ्या माणसांना जमत नाही. अकरावीत असताना आजी गेली. वाडीत सगळे म्हणायला लागले, हिचा हात सेवेचा आहे, हिला नर्सिंगलाच घाला.

माझ्याकडे आली ती आईसोबत. आई म्हणाली, ताई, हिचं ठरलंय, फक्त कुठलं कॉलेज चांगलं ते सांगा, जीएनएम करू की बी.एस्सी. म्हणजे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं आणि त्याला सीईटी, एवढाच प्रश्न होता. मी दोघींना कोकम सरबत दिलं. बायने तिचा ग्लास हातात धरून ठेवला, आईने पिऊन संपवला तेव्हा मग घटाघट प्यायली, आणि मी बोलत असतानाच उठून दोन्ही ग्लास घेऊन बेसिन कुठेय ते शोधायला लागली. आई कौतुकाने हसली. मला मात्र तिथे थांबावंसं वाटलं, कारण सतरा-अठरा वर्षांची मुलगी नवीन जागी आली की बुजते, भिंतीवरचे फोटो बघते, कंटाळते, हिला मात्र पाच मिनिटं नुसतं बसवत नव्हतं.

टेस्ट घेतल्या. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेली जी कामाच्या आवडीच्या सहा प्रकारांची पद्धत आहे, वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि चाकोरीप्रिय, त्यात तिचं सामाजिक, म्हणजे माणसांना मदत करायची आवड, सगळ्यात वर आणि पाठोपाठ चाकोरीप्रिय, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने नीटनेटकं काम करायची. व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या टेस्टमध्ये सहमतशीलता, म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घ्यायची वृत्ती, खूप वर, कर्तव्यदक्षता खूप वर, बहिर्मुखता कमी, चिंताळूपणा मध्यमच्या जरा वर. कागदावर बघाल तर नर्सिंगसाठीच जन्मलेली मुलगी. पण आपल्याकडे या टेस्टचा एक मोठा घोळ आहे आणि तो मी प्रत्येक पालकाला सांगते, खेड्यातल्या मुलीला ‘मला इतरांना मदत करायला आवडतं’ असं वाक्य दिलंत तर ती दुसरं उत्तर देणारच कसं, लहानपणापासून तेच शिकवलंय तिला. त्यामुळे सहमतशीलतेचा आकडा वर आला तरी तो स्वभावाचा आहे का भीतीचा हे टेस्ट सांगत नाही. मी त्यासाठी साधं विचारते, शेवटचं नाही कोणाला म्हणालीस आणि त्यानंतर काय झालं. जी मुलगी मनापासून मवाळ असते ती पण कधीतरी नाही म्हणते, दुसऱ्या दिवशी विसरून जाते. बायला आठवेचना. खूप वेळाने म्हणाली, काकूला एकदा म्हटलं होतं, प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायचीय, आता पाणी भरायला येत नाही. मग? मग रात्री झोप नाही लागली, पहाटे उठून सगळं भरून ठेवलं.

दुसरा प्रश्न, आजारी पडलीस की कोणाला सांगतेस. यावर तिने मला ती कोणाकोणाचं आजारपण काढते ते सांगितलं, काकू, काकूचा मुलगा, शेजारचे आजोबा. मी परत विचारलं, तुझं गो, तुझं आजारपण. बारावीच्या प्रिलिमला तिला ताप होता, आजीच्या औषधांच्या डब्यात उरलेल्या तापाच्या गोळ्या होत्या त्या खाऊन पेपर दिले. आई शेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकत होती. म्हणाली, अगो फोन तरी करायचा. बाय म्हणाली, तू तिकडून काय करणार होतीस. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच.

आता थोडं अटॅचमेंटबद्दल, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जॉन बोल्बी हा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ, त्याने लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या बंधावर आयुष्यभर काम केलं, 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने यावर अहवाल लिहिला होता. तो स्वतः लंडनच्या सुखवस्तू घरात दायांच्या हाताखाली वाढला आणि साधारण चार वर्षांचा असताना त्याची लाडकी दाई घर सोडून गेली. मेरी एन्सवर्थने आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आई-बाळांचं प्रत्यक्ष निरीक्षण करून बंधाचे प्रकार मांडले, सुरक्षित, टाळणारा आणि द्विधा म्हणजेच चिंतातुर, पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी विस्कळीत हा चौथा घातला. पुढे सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 मध्ये हेच मोठ्या माणसांच्या नात्यांना लावलं आणि 1990 मध्ये कामाला. त्यांचं म्हणणं असं की ज्यांचा बंध चिंतातुर असतो त्यांना काम चुकलं तर लोक आपल्याला झिडकारतील ही धास्ती असते, आणि टाळणाऱ्या लोकांना काम म्हणजे माणसांपासून लांब राहायची सोय असते.

बोल्बीने अजून एक गोष्ट नोंदवली होती जी बायला तंतोतंत लागू पडत होती. काही मुलं लवकर शिकतात की जवळ राहायचं असेल तर मागायचं नाही, द्यायचं. मग ती दुसऱ्याची काळजी घेण्यातूनच जवळीक मिळवतात, स्वतःची काळजी कोणाला घेऊ देत नाहीत, आणि समोरच्याला खरंच गरज आहे का नाही हे न बघता देत राहतात. बाहेरून हे इतकं गोड दिसतं की कोणी हटकत नाही.

इथे एक गोष्ट मला ठामपणे म्हणायचीय. बायला आई सोडून गेली म्हणून ती अशी झाली, असं सरळ गणित मांडू नका. आमच्याकडे मूल आजीकडे वाढणं म्हणजे टाकून देणं नव्हे. बायला आजी होती आणि ती घट्ट होती. मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांच्या मुलाखतीच्या पद्धतीत आई-वडिलांशी असलेल्या नात्यासाठी पाच विशेषणं आणि प्रत्येकाला एक आठवण विचारतात. ती पूर्ण मुलाखत घ्यायला वेगळं ट्रेनिंग लागतं, मी फक्त तो एक प्रश्न गप्पांच्या ओघात वापरते. आजीसाठी तिने भराभर शब्द दिले आणि प्रत्येकाला गोष्ट होती, आजी रागीट कारण एकदा खाडीवर न सांगता गेले तर शिरपुट घेऊन मागे आली, आजी लाडकी कारण फणसाचे पहिले गरे मला. आईसाठी पहिला शब्द प्रेमळ. आठवण सांग म्हटल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, गणपतीला ड्रेस आणते. प्रेमळ हा शब्द होता, त्याला आधार देणारा प्रसंग सापडत नव्हता. म्हणजे पाया आजीने घालून दिलेला होता, आणि मग तीच आजी तिच्या हातात लहान बाळासारखी झाली, आणि गेली. वयाच्या तेराव्या वर्षापासून तिला कोणीच सांभाळणारं उरलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही कारण ती इतकं छान सांभाळत होती.

मी हे प्रकरण ओळख न देता एका सहकाऱ्यापुढे ठेवलं. त्यांचं मत, हिला वॉर्डपासून लांब ठेवा, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करू दे, लॅबमध्ये नमुने आणि मशीन, भावनिक ताण कमी. यामागे काही अभ्यास पण आहे. 2004 मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॉल सिएखानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांबद्दल छापलं होतं की सुरक्षित नातेशैली असलेले विद्यार्थी फॅमिली डॉक्टरसारख्या, पेशंटशी दीर्घकाळ नातं ठेवायच्या शाखांकडे जास्त वळतात आणि स्वतःपुरतं राहणारे, सावध लोक इतर शाखांकडे. पण ते अमेरिकेतले डॉक्टर होऊ घातलेले लोक, आणि कोण कुठे वळतं हे सांगणं वेगळं, कोणाला कुठे पाठवावं हे वेगळं. मला सहकाऱ्याचं पटलं नाही. बायला माणसांत खरंच रस होता. आजीला कुठल्या वेळेला गिळायला त्रास होतो, पेज किती पातळ केली की ठसका लागत नाही, हे तिने एका जुन्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं, ती वही मी बघितलीय. त्यात भीती पण होती आणि बुद्धी पण होती. भीतीमुळे बुद्धीचं काम काढून घेणं हा अन्याय झाला असता.

तेव्हा मी आईला म्हटलं फॉर्म भरा, सीईटी देऊ दे, पण अॅडमिशनच्या आधी हिला काही दिवस प्रत्यक्ष दवाखान्यात बसू दे. ओळखीच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये एक अनुभवी सिस्टर आहेत, त्यांनी तिला नुसतं बघायला ठेवून घेतलं, पेशंटला हात लावायचा नाही या अटीवर. त्या मला जे म्हणाल्या ते कुठल्याही टेस्टपेक्षा मोलाचं होतं. नजर चांगली आहे, सलाईन संपत आलेलं माझ्या आधी तिला दिसतं. पण जेवायला जा म्हटलं तरी जात नाही. आणि एका म्हातारीला डिस्चार्ज मिळाला तर ही रिक्षापर्यंत मागे गेली आणि स्वतःचा नंबर देऊन आली, काय लागलं तर फोन करा आजी. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, ह्या वॉर्डात वर्षाला किती म्हाताऱ्या येतील, ही किती जणींना नंबर देणार.

मग आम्ही खरं काम केलं. अॅडमिशन होईपर्यंतचा सगळा पावसाळा ती येत होती, आणि कॉलेज लागल्यावर फोनवर. नाही म्हणायचा सराव, तोही अगदी बारीक गोष्टींत. काकूला सांगायचं, आज येत नाही, आणि पहाटे उठून भरपाई करायची नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा तिला पोटात कळ आली. काकू दुसऱ्या दिवशी नेहमीसारखीच बोलली, आणि हेच तिला स्वतः बघायचं होतं, कारण मी शंभर वेळा सांगून ते पटलं नसतं. आजीबद्दल पण बोललो, कारण आजी गेल्यावर दिवस झाले, बारावं-तेरावं झालं, सगळ्यांचं जेवण तिनेच वाढलं आणि रडायचं राहून गेलं होतं. त्या रात्री अलार्म वाजल्यावर तिला उठायला थोडा उशीर झाला होता आणि आजी पहाटे गेली, या दोन गोष्टी तिने मनात जोडून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी तेव्हा दुसरा झटका आला असं सांगितलं होतं, कूस बदलायला झालेल्या उशिराने तो येत नाही. हे मी तिला सांगितलं आणि मग ओळखीच्या डॉक्टरांकडून पण सांगवलं, पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेलं तिच्या मनात जास्त बसेल असं वाटलं म्हणून.

आईशी झालेलं बोलणं सगळ्यात अवघड. आईला वाटत होतं मुलगी समजूतदार आहे, तिला काही लागलं नाही. मी विचारलं, भाऊ झाल्यावर हिला न्यायचं का राहिलं. आई बराच वेळ पदर पिळत बसली आणि म्हणाली, मी न्यायला आले होते ताई. बॅग पण भरली होती. ही आजीला मिठी मारून बसली आणि सासूबाई पण रडायला लागल्या. मला वाटलं पोरीला मी नकोय. बाय हे ऐकत होती. तिच्या डोक्यात इतकी वर्षं होतं की भावाला ठेवलं आणि मला नाही. त्या दिवशी सगळं मिटलं वगैरे काही झालं नाही, उलट बाय पुढचे काही दिवस आईशी नीट बोललीच नाही, चिडचिड केली, फोन आपटला. आईने घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, चिडू दे, तिला आज पहिल्यांदा परवडतंय.

ती बी.एस्सी. नर्सिंगला गेली. कॉलेज हॉस्टेलवालं, घरापासून लांब. आता तिसरं वर्ष संपत आलंय. अभ्यासात वरच्या नंबरात आहे पण पहिली नाही. दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डच्या पोस्टिंगला एक आजी गेली तेव्हा ती कोसळली, दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. फरक एवढाच की रूममेटला तिने मला फोन करू दिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांगितलं काय झालं ते. यावर्षी मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होती, राज्यातल्या जुन्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक. ते तिला सगळ्यात आवडलं. म्हणाली, मॅडम, तिथे सारखं काहीतरी करत राहता येत नाही, नुसतं शेजारी बसायला लागतं, पेशंट बोलला तर बोलला. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होते, मग सवय झाली.

नोकरीचं काय, यावर सध्या घरात रस्सीखेच आहे. आईला वाटतं मुंबईत मोठ्या हॉस्पिटलला लागावं, घरी राहावं, राहिलेली वर्षं भरून निघतील. बायला गावाकडे यायचंय, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एखाद्या उपकेंद्रावर. डोंगराळ भागात एका उपकेंद्राखाली साधारण तीन हजार लोकवस्ती धरतात, आणि पोस्ट बहुतेक कंत्राटी. गावाला अशी मुलगी मिळाली तर गावाचं सोनं होईल यात मला शंका नाही. तरीपण मी तिला स्पष्ट सांगितलं की पहिली दोन-तीन वर्षं ते नको. उपकेंद्रावर रात्री अकराला पण दार वाजतं, सगळे ओळखीचे, नात्यातले, कोणाला नाही म्हणणार, आणि वर विचारायला जवळ कोणी नाही. हिच्यासारख्या मुलीला ड्युटी संपते अशी नोकरी पाहिजे. आठ तास झाले, पुढची सिस्टर आली, बेडवाइज हँडओव्हर दिला, सही केली, आता तो पेशंट तिचा. आणि डोक्यावर इन्चार्ज सिस्टर पाहिजे जिला जाऊन म्हणता येईल, मला हे जमत नाहीये, बघाल का. नर्सिंग करायचं की नाही यावर लोक एवढा काथ्याकूट करतात आणि कुठल्या जागी, किती तास, कोणाच्या हाताखाली हे कोणी विचारत नाही. माझ्या मते या मुलीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

तिला हे पूर्ण पटलेलं नाही. म्हणते, मॅडम तुम्ही म्हणता तशी शिफ्टची नोकरी करीन, पण मुंबईत आईकडे राहून नाही, रत्नागिरीत किंवा चिपळूणला, हॉस्टेल नाहीतर भाड्याची खोली. आईला वाईट वाटलं. बायने ते बघितलं आणि तरी निर्णय बदलला नाही. चौथ्या वर्षाची फी भरायची आहे, एज्युकेशन लोनचे कागद बँकेत दिलेत, गणपतीला बाबा आले की बाकीचं बोलायचं असं ठरलंय.